गोड गवत

त्या सकाळी एल्मरने गाईंना हाक मारली
आणि हाक अर्ध्यावरच ओली झाली.

"कम बॉस, कम बॉ—"
मी आत कॉफी गाळत होते.
सत्तावन्न वर्षं कानात मुरलेली हाक,
तिच्यातलं एक अक्षर गळलं तरी हात थांबतो.
खिडकीतून पाहिलं: कुंपणाशी वाकून तो थुंकत होता
आणि मार्चच्या उरल्यासुरल्या बर्फावर
लाल.

"हिरडी असेल," म्हणाला.
"नाहीतर झोपेत जीभ चावली असेल."
वेस्टबीची ही नॉर्वेजियन माणसं अशीच.
घर पेटलं तरी म्हणतील, आज जरा ऊब आहे.

दिव्याखाली बसवलं. म्हटलं, आ कर.
वासराचं तोंड तपासावं तसं
चमच्याच्या दांड्याने जीभ उचलली.
खाली जांभळं, टपोरं काहीतरी,
कुणी पिकलेलं आलुबुखार लपवून ठेवावं तसं.
आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून
एक बारीक धार उतरत होती,
मुळीच घाई नसलेली.
"दुखतंय?"
त्याने मान हलवली. नाही.
मला त्याचीच भीती वाटली.

सोमवारी लघवीच्या जळजळीवर
नवी गोळी आणली होती, पांढरी, लांबट.
जुनी फिकट नारिंगी, हृदयासाठी, रोज रात्री एक.
डबीच्या सात खणांत दोघींना शेजारी बसवलं
ते मी.
कुणी विचारलं नाही, तरी सांगते. मी.

ला क्रॉसपर्यंत पस्तीस मैल गाडी मीच हाकली.
मांडीवर चहाचा जुना मग धरून, थुंकत थुंकत
तो बोलत राहिला, जाड झालेल्या आवाजात.
बोलू नको म्हटलं.
पण सत्तावन्न वर्षांत न सांगितलेलं
त्याला आजच सांगायचं होतं.

तेहेतीसचा हिवाळा. तो सात वर्षांचा.
वैरणीत दुसरं काही नव्हतं,
ओल्या सालातलं गोड क्लोव्हर, बुरशी चढलेलं,
तरी वास व्हॅनिलाचा, "लग्नाच्या केकसारखा, आर्डिस."
वडिलांनी वासरांची शिंगं कापली.
म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबेल.
ते थांबलं नाही.
रक्त गोठायचंच विसरलं होतं.
पर्ल नावाची कालवड होती, त्याची स्वतःची.
पोतं दाबून तो रात्रभर तिच्याशी बसला,
पहाटे पोतं तेवढं जड होतं.

दवाखान्यात औषधवाली पोरगी आली, पा न्हिया वांग,
पंचविशीची, पायात गुलाबी बूट.
म्हणाली, आकडा दोन-तीनच्या मध्ये हवा,
यांचा नऊच्या वर गेलाय.
या दोन गोळ्यांचं एकमेकींशी पटत नाही,
एक दुसरीला पिसाट करते.
आणि मग, तिला काय ठाऊक,
सहज म्हणाली:
ही नारिंगी गोळी मूळची आपल्याकडचीच बरं का,
मॅडिसनला, सडक्या क्लोव्हरमधून शोधलेली,
गाई रक्त वाहून मरायच्या ना, त्यातूनच.

एल्मरच्या तोंडात नळी होती.
नाहीतर तो काय म्हणाला असता देव जाणे.
त्याने पेन मागितलं.
हाताच्या शिरेत उतारा थेंब थेंब पडत होता,
त्याच्याकडे बोट दाखवून
कागदावर वाकडंतिकडं लिहिलं:
हे पर्लला नव्हतं.

पोरीने वाचलं. पर्ल कोण, असं माझ्याकडे बघून विचारलं.
बहीण, मी म्हणाले.
का म्हणाले, कळलं नाही.

तीन आठवडे त्याला ओरडायची बंदी.
उरलेल्या अकरा गाईंना मी बोलावलं,
"कम बॉस," त्याच्यासारखं, शेवटी स्वर चढवून.
त्या उभ्याच राहिल्या. माझ्या खांद्यावरून
दाराकडे बघत.
मग एक आली. मग बाकीच्या, उपकार केल्यासारख्या.

गोळी पुन्हा सुरू झालीय, कमी मापाची.
पांढरी बाटली मी चुलीत टाकली.
रोज रात्री त्याच्या तळहातावर ठेवण्याआधी
नारिंगी गोळी नाकाशी धरते.

कसलाच वास येत नाही.